वाटून घेतलेले दहा दिवस

मी आयुष्यात एकच पैज जिंकले, आणि जिंकायच्या आदल्या दिवशी ती अर्धी वाटून टाकली. आळीतल्या जुन्या बायका भेटल्या की अजून ही गोष्ट काढतात आणि वर म्हणतात, "काय बाई मोठं मन तुमचं!" मला राग येतो. मन मोठंबिठं काही नव्हतं. काय होतं ते सांगते, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. कल्याणला सासरी येऊन तीन वर्षं झाली होती. माहेर ठाण्याला, टेंभीजवळ. आगगाडीनं जेमतेम तासाभराची वाट, पण दोन वर्षांत मी आईला पाहिलेलं नव्हतं. मागच्या अंगणात भांडी घासायला बसलं की गाडीची शिटी ऐकू यायची. ठाण्याकडे जाणारी कुठली आणि तिकडून येणारी कुठली, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं. जाणारी ऐकली की हातातलं भांडं हातातच राहायचं. मग सासूबाई आतून ओरडायच्या, "गेली गं गाडी, आता घास!"

सासूबाई दुष्ट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण सासू म्हटलं की लोक लगेच माना डोलवायला लागतात. घरात नऊ खाणारी तोंडं आणि मी एकटी सून. पहाटेचं दळण, आडाचं पाणी, दोन्ही वेळचा स्वयंपाक, सगळं माझ्या अंगावर. सासूबाईंचे गुडघे धरलेले. मी चार दिवस गेले तर घर बसणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माहेरी जाऊ का म्हणून विचारलं की म्हणायच्या, "जा की. मी कुठं नको म्हणते? फक्त जात्याला आणि आडाला सांगून जा."

त्या वर्षी मार्गशीर्षात माझ्या भावाचं, दादाचं कार्ड आलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. होळीनंतर ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर डोळे कापणार होते. कापल्यावर दिसेल, नाहीतर आहे तेवढंही जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. खाली दादानं लिहिलं होतं, "आई म्हणते, अजून दारात कोण उभं आहे एवढं कळतं. तेवढं कळतंय तोवर पोरीनं एकदा येऊन जावं." ते कार्ड मी यजमानांकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा वाचा म्हणायची लाज वाटली. मला तेव्हा अक्षरं येत नव्हती, पण ती शेवटची ओळ कुठली ते मी बघून ठेवलं होतं आणि रोज एकदा तिच्यावर बोट फिरवत होते.

मग संक्रांत आली. आमच्या घरी हळदीकुंकू होतं. पुढे ओसरीवर सवाष्णी बसलेल्या. मागच्या पडवीत दोघी, एक आमच्या आळीतल्या आत्या आणि दुसरी आमची भाजीवाली. आत्या कुणाच्या सख्ख्या आत्या होत्या कोण जाणे, पण सगळी आळी त्यांना आत्या म्हणायची. लहानपणीच विधवा झालेल्या, त्यामुळे हळदीकुंकवाला मागे बसायच्या आणि मागे बसून सगळ्या आळीवर राज्य करायच्या. भाजीवाली खाडीपलीकडची आगरीण. ऊस, हरभरा, बोरं घेऊन आली होती. तिच्या दिराची शर्यतीच्या बैलांची जोडी होती. भात कापून झालं की शिमग्यापर्यंत आगऱ्यांच्या गावागावांतून छकड्यांच्या शर्यती लागायच्या. दर रविवारी विठ्ठलवाडीच्या पुढं मोकळ्या शेतांवर दोन-दोन गाड्या सोडायच्या, पुढं निघेल ती जिंकली. आमचे पुरुष जेवून उठायचे ते थेट तिकडेच, आणि संध्याकाळी धुळीनं माखून, घसा बसवून परत. आम्हा बायकांना त्यातलं दिसायचं काय, तर ती धुळीची धोतरं, तीही धुवायला.

तिळगूळ घेता घेता बायकांचा विषय त्यावरच आला. भाजीवाली कुठली जोडी कशी, ते सांगत होती. ऐकता ऐकता कुणीतरी म्हणालं, "चला, आपणही पैज लावू." लावायची कशाची? आमच्याजवळ होतं काय! तेव्हा भाजीवाली पडवीतून म्हणाली, "आमच्यान कोन पैसं देतंय गो? भात लावाचा असंल तं मी तुजे शेतान येतंय, तू माजे शेतान ये. सावड बोलतान त्याला."

आत्यांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं! दिवस लावा. जी हरेल तिनं जिंकणारीच्या घरी एक दिवस राबायचं. पहाटेच्या दळणापासून दिवेलागणीपर्यंत."

बारा जणी तयार झाल्या. पापडांच्या दिवसांत एकमेकींकडे जातोच की, मग यात काय वावगं? सासूबाई पहिल्या. गुडघे दुखत असले तरी जीभ आणि हौस दोन्ही शाबूत. आत्यांनी तिथल्या तिथं नियम घातले. प्रत्येकीनं शनिवारी भाजीवालीजवळ एक जोडी सांगायची. ती रविवारी जिंकली तर तुम्ही राहिलात, हरली तर बाद. एकदा सांगितलेली जोडी पुन्हा सांगायची नाही, नाहीतर सगळ्या एकाच चांगल्या जोडीला लोंबकळतील. होळीच्या आधीच्या रविवारपर्यंत ज्या उरतील त्यांनी बाद झालेल्यांचे दिवस सारखे वाटून घ्यायचे. उरलेल्या सगळ्या एकाच दिवशी पडल्या तर त्यांच्यातच वाटायचे. आणि शेवटच्या शर्यतीआधी उरलेल्यांनी राजीखुशीनं म्हटलं की आपण वाटून घेऊ, तर तेही चालेल. "पण बैल सुटले की बोललेलं मागं घ्यायचं नाही," आत्या म्हणाल्या, आणि एका करवंटीत बारा चिंचोके मोजून टाकले.

मी धीर केला. सगळ्यांच्या देखत सासूबाईंना म्हटलं, "मी दिवस जिंकले तर तितके दिवस ठाण्याला जाऊ?" बायका हसल्या. सासूबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "जिंकशील तितके जा बाई. एक कमी नाही, एक जास्त नाही."

त्या दिवसापासून मी बैलांची झाले. जन्मात शर्यत पाहिली नव्हती, पण ठाकुर्लीच्या जोडीतला डावा बैल वळणावर बुजतो, शहाडची जोडी सकाळी पळते आणि ऊन चढलं की मरगळते, हे मला तोंडपाठ. भाजीवालीला मी वांगी निवडता निवडता खोदून विचारायची. यजमानांना जेवायला वाढताना विचारायची. ते म्हणायचे, "तुला काय करायचंय बैलांशी?" आणि दुसऱ्या दिवशी आपणहून एक बातमी जास्त आणायचे. त्यांना माझं कार्डावरचं बोट दिसत असावं.

पहिल्याच रविवारी चौघी पडल्या. दुसऱ्या रविवारी तिघी, त्यात सासूबाई. त्यांनी टिटवाळ्याची जोडी सांगितली होती. का, तर टिटवाळ्याचा गणपती नवसाला पावतो! बैल गणपतीचे नव्हते, ते मधेच शेतात शिरले. दोन दिवस सासूबाई गणपतीवर रुसल्या होत्या. नंतर प्रत्येक रविवारी एकेक करत आणखी तिघी गेल्या आणि पाच रविवार संपले तेव्हा आम्ही दोघीच उरलो, मी आणि शेजारची.

शेजारची म्हणजे माझ्याच वयाची, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली सून. माझी आळीतली एकुलती मैत्रीण. आम्ही पहाटे एका वेळी दळायला बसायचो, भिंतीच्या इकडून मी ओवी म्हटली की पुढची ओवी तिकडून यायची. आदल्या वर्षी तिला सातव्या महिन्यात आडावर घागर ओढता ओढता कळा आल्या आणि मूल गेलं. त्या वर्षी पुन्हा दिवस होते, सहावा महिना. तिच्या सासूबाईंचंही आमच्यासारखंच. माणसं वाईट नव्हती, पण पाणी कुणीतरी ओढायलाच हवं ना!

सहाव्या रविवारीही आम्ही दोघी टिकलो. करवंटीतून बाहेर काढलेले, पडलेल्या जणींचे चिंचोके दहाच राहिले. दहा दिवस! शेजारची पडली तर तिचा अकरावा मी धरलाच नव्हता. मी स्वप्नात ते दिवस खर्च करायची. पहिला दिवस आईच्या पायाशी नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घालायचं. दहाही दिवस माझे होणार होते, कारण मी शहाणपणा केला होता. कोनगावची जोडी त्या साली एकदाही हरली नव्हती आणि ती मी राखून ठेवली होती. शेजारचीनं घाबरून सगळ्या चांगल्या जोड्या आधीच वापरल्या होत्या. तिच्याकडे आता डोंबिवलीची एक म्हातारी जोडी तेवढी उरली होती. ती पडणार हे तिलाही माहीत होतं.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही आडावर गेलो. तिनं घागर वर ओढली, काठावर ठेवली आणि तिथंच खाली बसली. मी म्हटलं, "काय गं?" तिनं घागरीच्या गळ्यातला दोर सोडवला. मग हळूच म्हणाली, "सकाळी डाग दिसला. सुईण म्हणते, चार-पाच दिवस पाठ टेकून पडून राहा, नाहीतर हेही जाईल." आणि उठून घागर कमरेवर घ्यायला लागली.

तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते! मला तिचा असा संताप आला म्हणून सांगू. आजच का सांगितलंस? सोमवारी सांगायचं होतंस. मी तिच्या हातातून घागर हिसकावली, तिच्या घरी नेऊन आदळली, आणि तशीच ओल्या लुगड्यानं आत्यांच्या मागच्या दारी गेले. भाजीवाली तिथंच पाटी उतरवत होती. मी म्हटलं, "आम्ही वाटून घेतो."

आत्यांनी विचारलं, "नीट विचार केलास? कोनगावची जोडी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. तरी वाटून घेतो. आणि तिचे पाच दिवस मंगळवारपासून लावा."

कुणी म्हणेल, एवढा पुळका होता तर दहाच्या दहा का नाही दिले? कारण मी संत नव्हते. मला माझी आई हवी होती.

सोमवारी भाजीवाली आली ती लांबूनच हात हलवत. "बाय, कोनगावची जोरी दोन कासरं पुढं निंगाली! डोंबिवलीची तं मधीच बसली. उगाच वाटलास गो. सगला तुजाच होता." मी तिच्याकडून त्या दिवशी भाजी घेतली नाही. तिचा काय दोष, पण घेतली नाही.

तरी मन घट्ट केलं. पाच तर पाच. गुरुवारी होळी, शुक्रवारी धुळवड. सणाला सून घरात हवी, म्हणून मी शनिवारी निघायचं ठरलं. डोळे कापायच्या आधी मी पोचणार, आई मला दारात उभी असलेली बघणार, बस्स, एवढ्यावर मी खूश होते.

बुधवारी दादाचं दुसरं कार्ड आलं. डॉक्टरांची बदली झाली होती, म्हणून ते शुक्रवारीच डोळे कापणार होते. त्यांना कुठली आलीय धुळवड! पट्टी आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या शनिवारी सुटेल. यजमान वाचत होते आणि मी बोटांवर मोजत होते. शनिवार ते बुधवार, माझे पाच दिवस. बुधवारी परत. पट्टी सुटणार शनिवारी. तीन दिवस कमी पडत होते. दहा असते तर मी समोर बसलेली असते आणि आईनं डोळे उघडल्यावर आधी मलाच पाहिलं असतं.

मी सासूबाईंकडे गेले. "तीन दिवस जास्त द्याल?"

"कबूल किती झाले होते?"

"पाच."

"मग?" त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "मी एकदा सोडलं तर आळीत दर वेळी हेच होईल." त्यांचा आवाज काही कठोर नव्हता. त्यांनी स्वतःच्या आईला शेवटचं कधी पाहिलं होतं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी शेजारी गेले. तिचे पाचातले दोन दिवस संपत आले होते, तीन उरले होते. मोजून तीन. मी ते परत मागायला निघाले होते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं, "तू दोन दिवस पडलीस, आता बरं वाटतंय ना?" मागच्या दारातून आत गेले. पैज हरलेली एक जण तिच्या घरी भांडी घासत होती आणि ती माजघरात चटईवर पडली होती. मला बघून तिचं तोंड फुललं. "अगं, ये ये! आत्ता हललं बघ. दोन दिवस काहीच हालचाल नव्हती, मी इतकी घाबरले होते." तिनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. मी हात ठेवून बसले. खरंच हललं. मी म्हटलं, "पडून राहा, उठू नकोस," आणि घरी आले. चुलीपाशी बसून इतकी रडले, की सासूबाईंना वाटलं लाकडं ओली आहेत.

शनिवारी निघताना आत्यांनी माझ्या हातात माझे पाच चिंचोके ठेवले. "रोज एक टाकत जा, म्हणजे चुकायची नाहीस."

ठाण्याला पोचले तेव्हा दवाखान्यातून घरी आणलेली आई खाटेवर उताणी पडली होती, दोन्ही डोळ्यांवर जाड पट्टी. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ती म्हणाली, "आलीस?" नुसत्या पावलांवरून! दोन वर्षांनी! मी तिच्या कुशीत तोंड घातलं. तिनं पहिलं विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "पाच." तिची बोटं चादरीवर हलली. पाचव्या बोटाशी थांबली. मग ती म्हणाली, "असू दे. पाच तर पाच."

मी चिंचोके तिच्या हातात दिले. ते तिनं मुठीत धरून ठेवले. रोज संध्याकाळी मला एक परत द्यायची आणि उरलेले चाचपून बघायची. दिवसभर मला विचारत राहायची. लुगडं कुठल्या रंगाचं नेसलीस? केस किती लांब झाले? मी तिचा हात धरून वेणीवरून फिरवायची. एकदा म्हणाली, "उंच झालीस का गं?" मी खाटेशेजारी उभी राहिले, दादानं तिचा हात वर धरला, तेव्हा तो माझ्या खांद्याला लागला. "बाई बाई!" म्हणाली आणि खूप हसली. हसायची बंदी होती, डोळ्यांवर ताण येतो म्हणून. मग दादा आम्हा दोघींना रागावला. फार सुखाचे दिवस होते ते. आईच्या हातून जेवणं नाही, तर आईला माझ्या हातानं भरवणं, पण सुखाचे होते.

पैजेची सगळी गोष्ट मी तिला सांगितली. बैल, सासूबाईंचा गणपती, सगळं. शेजारचीचंही सांगितलं.

पाचव्या दिवशी दुपारी यजमान न्यायला आले. दादा त्यांच्याशी ओसरीवर बोलत होता. आईनं शेवटचा चिंचोका माझ्या हातावर ठेवला आणि एकदम माझं मनगट धरलं. "दार लावून घे," ती कुजबुजली. "मी पट्टी जरा वर करते. एक क्षण. तुला बघते आणि लगेच खाली घेते. कुणाला कळणार आहे?" आणि तिचा दुसरा हात पट्टीकडे गेलासुद्धा.

मी तिचे दोन्ही हात धरले. "नको गं आई. उजेड लागला तर डोळे जातील म्हणाले डॉक्टर. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी काय, येईन की पुन्हा." ती हात सोडवू बघत होती. मी सतरा वर्षांची, आडाचं पाणी ओढणारी. माझ्याशी तिचं काय चालणार! मी पट्टीची गाठ आणखी घट्ट करून बांधली. तिला नमस्कार केला आणि निघाले.

आजच्या पोरी म्हणतील, राहायचं की तीन दिवस. राहायचं की! तुम्हाला काय कळणार, तुम्ही पोस्टात कार्ड टाकता आणि नवऱ्याला सांगता. तेव्हा तसं नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतं.

शनिवारी पट्टी सुटली. आईला दिसायला लागलं. दादानं लिहिलं, आईनं पहिलं विचारलं, "ती कुठंय?" आणि मग आपणच म्हणाली, "हां, गेली नाही का." तिला दीड महिना दिसत होतं. समोरच्यांच्या घरावरचे कावळे मोजायची, तांदळातले खडे काढायची, गल्लीतल्या पोरांना नावानिशी हाका मारायची. दीड महिना ती सगळं ठाणं बघत होती आणि मी कल्याणात भांडी घासत गाड्या ऐकत होते. मग डोळे दुखायला लागले, लाल झाले, आणि वैशाख संपता संपता पुरता अंधार झाला. कुणाची चूक नव्हती. काही डोळ्यांचं तसं होतं म्हणतात.

मी दिवाळीला गेले. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कपाळ, नाक, हनुवटी. मी विचारलं, "आई, मी पट्टी वर करू दिली नाही याचं तुला वाईट वाटतं का?" मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. सगळ्या आया नाही म्हणतात.

"वाटतं," ती म्हणाली. "फार वाटतं गं." मग तिनं विचारलं, "तिचं काय झालं, तुझ्या मैत्रिणीचं?"

"मुलगा झाला. चांगला आहे, गुटगुटीत."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि पुन्हा माझ्या तोंडावरून हात फिरवायला लागली. त्यानंतर ती आणखी तीन वर्षं होती.

या सगळ्याला आता फार वर्षं झाली. सासूबाई गेल्या, आत्या गेल्या, यजमान गेले, शेजारचीही गेली. तिचा तो मुलगा ठाण्यालाच कचेरीत आहे, स्वतःची दोन मुलं आहेत त्याला. माझ्या डोळ्यांत आईसारखाच मोतीबिंदू उतरला तेव्हा तोच कल्याणला आला आणि म्हणाला, "मावशी, चला. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत." मी नको नको म्हणत होते. ऐकेचना. त्याच्या आईसारखाच हट्टी.

आठ दिवस मी त्याच्या घरी डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते. आठव्या दिवशी डॉक्टर आले आणि पट्टी सोडली. आधी नुसता पांढरा उजेड. मग समोर काहीतरी हललं, आणि मग त्या उजेडात एक तोंड दिसलं. चाळिशीचा बाप्या, कानावरचे केस पिकलेले, रात्रभर झोपला नसावा असे डोळे. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मला रडू फुटलं. डॉक्टर ओरडले, "रडायचं नाही, रडायचं नाही!"

त्यानं माझा हात धरला. "मावशी, दिसतोय का मी?"

"दिसतोयस रे," मी म्हटलं. "माझ्या आईला मी अशी दिसायला हवी होते."